शेंदूर फासलेला दात

१० मे १९६२. मूगवड्या घालायच्या होत्या. डाळ आदल्या दिवशी भिजवलेली, पहाटे पाट्यावर जाडसर वाटलेली, कोहळ्याचा कीस पिळून तिच्यात कालवलेला. ऊन तापायच्या आत बाजेवर जुनं धोतर अंथरून त्यावर वड्या घालायच्या आणि मग दिवसभर कावळ्यांकडे लक्ष ठेवायचं. अकोल्याला माझ्या दोन खोल्यांना गच्ची नव्हती. त्यामुळे शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी शेंदूरजनाघाटला माहेरी यायची आणि वर्षाच्या वड्या घालून, डबा भरून परत जायची. माहेरपणाला यापेक्षा चांगलं कारण मला कधी लागलं नाही.

माहेरी आता धाकटा भाऊ आणि भावजय होती. घरात मला सगळे ‘बाई’ म्हणायचे, शाळेतल्या मुलीही बाईच म्हणायच्या, त्यामुळे बारा महिने मला दुसऱ्या नावाची गरज पडत नसे. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते आणि मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते.

वडिलांनी जन्मभर कापूस पेरला. भावानं आदल्या पावसाळ्यात घराला लागून असलेल्या वावरात संत्र्याची चारशे कलमं लावली. गावात बगीचे पुष्कळ होते, पण आमच्या घरात हा पहिलाच. जुन्या विहिरीचं पाणी कपाशीच्या घराला पुरेसं होतं, संत्र्याला नव्हतं. त्या वर्षी तर चैत्रातच तिचं पाणी बसलं. सकाळी मोटेच्या चार-पाच खेपा निघायच्या, मग मोट तळाला घासायची. म्हणून संक्रांत झाल्यावर भावानं बगीच्याच्या वरच्या अंगाला नवी विहीर खणायला घेतली होती. पंचवीस हात खाली जाऊन झालं होतं. मृग लागायला महिना होता. तोवर नव्या विहिरीला पाणी लागलं तर कलमं जगणार होती, नाही तर नाही. यात दुसरं काही समजावून सांगण्यासारखं नव्हतं.

भावजयीनं स्वयंपाकघरामागच्या तीन ओळी स्वतःच्या म्हणून धरल्या होत्या. भांडी घासलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, अंघोळीचं पाणी, सगळं ती लोट्यालोट्यानं त्या आळ्यांत ओतायची. सकाळी उठल्यावर एकेका कलमाचं पान उलटून पाहायची. ताप आलेल्या लेकराचं कपाळ पाहतात तसं. मी तिला कधी त्या झाडांबद्दल बोलताना ऐकलं नाही. ती पाणी टाकायची.

तर त्या सकाळी माझ्या निम्म्या वड्या घालून झाल्या होत्या. भावजय ओट्यावर मिरच्या निवडत होती. ती एकदम मान वर करून म्हणाली, “वन्सं, आवाज बंद झाला काहून?”

विहिरीवरून सब्बलीचा, म्हणजे पहारीचा, ठण्ण ठण्ण आवाज दिवसभर यायचा. इतका की तो ऐकू येत नसे, थांबला की ऐकू यायचा. तेवढ्यात भाऊ धोतराचा सोगा सावरत आला.

“बाई, चाल लवकर. माणसं वर आली. खाली काहीतरी निघालं म्हणून राहिले.”

“माणूस दबला का?”

“नाई, नाई. तू चाल न!”

मी पिठाचे हात तसेच घेऊन गेले.

विहिरीचे आठही गडी लिंबाखाली बसले होते. कोणी बिडीही पेटवली नव्हती. त्यांचा मुकादम वलगावचा. तीस वर्षं विहिरी खणत आलेला, बोलायला तिखट पण कामाला खरा माणूस. त्याच्यासमोर पोत्यावर वीतभर लांबीचा करड्या दगडाचा तुकडा ठेवला होता. त्या तुकड्यात दोन दात होते. एक निम्मा मोडलेला, दुसरा अख्खा. माझ्या मधल्या बोटाएवढा, चपटा, मागे वळलेला, तपकिरी. त्याच्यावर अजून चमक होती.

“राकसाचा जबडा हाये, मास्तरीणबाई,” मुकादम म्हणाला. “भितीत अजून हाडं हायेत. मांडीएवढी. माहे गडी आता खाली उतरत नसतात.”

मी बसले आणि दाताच्या धारेवरून बोट फिरवलं. धारेला बारीक दाते होते, कापणीच्या विळ्याला असतात तसे, पण इतके बारीक की दिसण्याआधी बोटाला कळले. माझ्या अंगावर काटा आला हे मी नाकारत नाही. अमरावतीला कॉलेजात इंटरच्या वर्गात आम्हाला एकदा सांगितलं होतं की जबलपूरकडे अशी हाडं सापडतात. मनुष्यप्राणी पृथ्वीवर यायच्या कितीतरी आधी जे महाकाय सरडे होते आणि पुढे नाहीसे झाले, त्यांची. डायनोसॉर. त्यांतले काही पाला खायचे आणि काही पाला खाणाऱ्यांना खायचे. फळ्यावर मी दरवर्षी मांसाहारी प्राण्याचा दात काढत होते, तो असाच होता. फक्त खडूनं काढताना मी त्याला कधी भ्यायले नव्हते.

मी गड्यांना सांगायला लागले. हा राक्षस नाही, सरड्याच्या जातीतला प्राणी होता, कोट्यवधी वर्षांपूर्वीच मेला, त्याच्या जातीतलंही आता कोणी जिवंत नाही.

“सरडा?” एक गडी म्हणाला. “एवढा सरडा? मंग तो खाये ते माशी केवढी असन, बाई?”

सगळे हसले. मीही हसले. मग दुसरा म्हणाला की माशी जर बैलाएवढी असन तर तिचा भूतही बैलाएवढाच असन, आणि हसणं थांबलं. कोणी उठेना.

इथे मी माझी चूक केली. ती अज्ञानातून केली नाही, घाईतून केली. ऊन चढत होतं, पाटीतलं पीठ आंबायला लागलं असतं, आणि मला वाटलं या माणसांना दोन तास शास्त्र सांगण्यापेक्षा त्यांना समजेल अशी गोष्ट करावी. मी भावजयीला म्हटलं, “जा, शेंदूर अन् तेल आण.” आणि मुकादमाला म्हटलं, “याला शेंदूर लावा, काठावर ठेवा, नारळ फोडा आणि कामाला लागा. पाण्याची देवी, आसरा म्हणा आणि मोकळे व्हा.”

मुकादमानं माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं. “आसरा म्हनू?” त्यानं विचारलं.

“म्हणा.”

“तुमी सांगता त म्हनतो.”

भावजयीनं शेंदूर खलला. भावानं तो जबड्याला फासला, दातांनाही फासला. नारळ फोडला, प्रसाद वाटला. दहा मिनिटांचं काम. मी परत येऊन उरलेल्या वड्या घातल्या आणि आपण किती व्यवहारी आहोत याचा मला थोडा अभिमानही वाटला.

दुपारी सब्बलीचा आवाज आला नाही. मला वाटलं, आज राहू दे, उद्या लागतील. दुसऱ्या दिवशी सकाळीही आला नाही. भाऊ लिंबाखाली जाऊन आला आणि ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसला.

“विहीर पुरी झाली म्हणते मुकादम.”

“म्हणजे?”

“म्हणजे का? साती आसरा कधी बसवतात, बाई? तुले मालूम नाई?”

मला माहीत होतं. लहानपणी याच वावरात जुन्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा सात दगडांना शेंदूर लावून काठावर मांडताना मी पाहिलं होतं, बांगड्यांचा जोड मीच नेऊन ठेवला होता. विहिरीच्या देवता पाणी लागल्यावर बसवतात. आधी नाही. त्या बसल्या की विहीर झाली, तिच्यावर त्यांची मालकी आली, मग त्यांच्या पायाखाली कोणी सब्बल मारत नाही आणि सुरुंगाचा बार तर मुळीच लावत नाही. पंचवीस वर्षं मी अकोल्यात नळाचं पाणी पीत होते. इतकी साधी गोष्ट मी विसरले होते आणि कोरड्या विहिरीवर देव बसवून बसले होते.

“मग मुकादम तेव्हाच का बोलला नाही?”

“त्यानं विचारलं न तुले. ‘आसरा म्हनू?’ म्हणे. तू म्हण म्हणली.” भावानं सोग्यानं तोंड पुसलं. “शिकलेली बाई सांगते म्हटल्यावर तो का बोलन?”

पुढचे दोन दिवस फार वाईट गेले. गावात बातमी गेली की नव्या विहिरीतून आसरा स्वतः दातासकट वर आली. बाया खणानारळाच्या ओट्या घेऊन यायला लागल्या. एकटी आसरा बरी दिसत नाही म्हणून कोणीतरी आणखी सहा दगड आणून शेंदूर लावून तिच्या रांगेत मांडले. आता त्या सात झाल्या. एका म्हातारीनं मला पाहिलं आणि माझ्याच पायावर डोकं ठेवलं, कारण देवी मला पहिल्यांदा ओळखू आली होती. मी शाळेत मुलींच्या डोक्यातली भुतं काढण्यासाठी पगार घेत होते.

भाऊ म्हणाला, दुसरीकडे खणू. बगीच्याच्या खालच्या अंगाला. मी विचारलं, तिथे पंचवीस हात जायला किती दिवस? संक्रांतीपासून आतापर्यंत जेवढे लागले तेवढेच लागणार होते.

भावजय दोन्ही दिवस माझ्याशी नीट बोलली, जेवायला नीट वाढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वड्या उलटताना ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “वन्सं, मधल्या ओळीतले दोन गेले.”

“पाणी टाकलं होतंस?”

“टाकलं होतं.” मग वडी उलटून ठेवत, “तुमी शाळेत हेच शिकवता का? की ज्याले समजत नाई त्याले शेंदूर लावून द्या?”

मी उठले. हात धुतले, पदर खोचला आणि विहिरीकडे गेले.

तिथे मुकादमाची बैलगाडी उभी होती. सब्बली, घमेली, दोरखंड गाडीत भरणं चाललं होतं. तो वलगावला परत निघाला होता. भाऊ बाजूला हात मागे बांधून उभा होता, बोलून थकलेल्या माणसासारखा.

मी मुकादमाला म्हटलं, “थांबा जरा. मला एक कबूल करायचं आहे. ही आसरा नाही. तुम्हाला कामाला लावायचं म्हणून मी खोटं सांगितलं. हा जनावराचा जबडा आहे, ते मला त्या दिवशीही माहीत होतं.”

“आता कबूल करून का होते, मास्तरीणबाई? शेंदूर लागला. नारय फुटला.”

“चुकीच्या वस्तूला लागला.”

“तुमीच त्या दिवशी आसरा म्हने, तुमीच आज जनावर म्हनता. उद्या अजून काही म्हनान. मी कोनता दिवस खरा धरू?”

हे बोलणं रास्त होतं. गडी गाडी भरायचे थांबून ऐकत होते.

विहिरीच्या काठावर मातीची टोपली वाहणाऱ्या चार बाया होत्या. त्यांतली एक धारणीच्या जंगलाकडची आदिवासी कोरकू बाई, माझ्याच वयाची. ती कमी बोलायची. बोलली तर अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी. ती उठली, सात दगडांच्या रांगेकडे गेली आणि कोणी काही म्हणायच्या आत तिनं तो जबडा उचलला. दोन-तीन गडी “अवं, अवं!” करत राहिले. तिनं अंगठ्याच्या नखानं दातावरचा शेंदूर खरवडला, जबडा डोळ्यांजवळ धरला, उलटा केला, दाताच्या मुळाशी पाहिलं.

“घोरपडीसारका हाय,” ती म्हणाली. “दात मागे हाय न. एक बार पकडलं का सोडत नाही. शिकार बाहेर ओढते, दात अजून अंदर जाते.”

“तू का घोरपडीच्या तोंडात हात घालून पाहाले गेली होती?” मुकादमानं विचारलं.

“घातला.” तिनं डाव्या हाताची करंगळी वर केली. तिच्यावर पांढरा वण होता. “लहान होती. मेली समजून मुंडी साफ करत होती. मेली नव्हती.”

गडी हसले. तीही हसली. मग ती गंभीर होऊन म्हणाली, “पन ही लय मोठी. इतकी मोठी आमच्या जंगलातबी नाही. आता नाही. पहिले असन.”

मला कॉलेजच्या वर्गात जे अर्ध्या तासात सांगितलं होतं ते तिनं एका वणाच्या आधारे सांगितलं. मी गाडीतल्या पोत्याची सुतळी ओढून काढली, तिच्याजवळून जबडा घेतला आणि सुतळी दोन्ही हातांनी ताणून धरायला मुकादमाला सांगितलं. त्यानं धरली. मी त्या अख्ख्या दाताची धार सुतळीवरून मागेपुढे ओढली. चौथ्या-पाचव्या खेपेला तिचे धागे उसवायला लागले आणि मग ती तटकन तुटली. मुकादमाच्या दोन्ही मुठी बाजूला गेल्या.

तो हातातल्या तुटक्या टोकांकडे बघत राहिला. “देव सुतळी कापत नसते,” तो हळूच म्हणाला.

“मटन कापते,” कोरकू बाई म्हणाली.

मला वाटलं, सुटलो. पण मुकादमाचा मेंदू माझ्यापेक्षा जलद होता.

“बरं. देव नाई, हाड हाय. मंग ज्या विहिरीत हाडं निघाली तिचं पानी पेयाचं कसं? गावात कोन पेईन? देवाले लावाले तरी चालन का?”

भाऊ चिडला. “बाई, आता एक काय ते ठरव! हाड म्हटलं त विहीर बाटली. दगड म्हटलं त देव झाला. हाये काय ते?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

“दोन्ही कसं असन?”

मी विहिरीतून काढलेल्या दगडांच्या ढिगावर बसले आणि या वेळी घाई केली नाही. मी म्हटलं, तोंडात होता तेव्हा हा दातच होता, तुमच्या-माझ्यासारखा. जनावर मेलं, नदीच्या काठी पडलं, गाळात पुरलं गेलं. गाळ वर वर साचत गेला. त्यातून पाणी झिरपत राहिलं. त्या पाण्यात विरघळलेला दगड होता, आपल्या घागरीच्या तळाला पांढरा थर धरतो तसा. ते पाणी हाडात शिरलं. हाडातलं जे कुजणारं होतं ते कणाकणानं गेलं आणि त्याच जागी कणाकणानं दगड बसला. आकार हाडाचा राहिला. आतला माल दगडाचा झाला. यात नासणारं काही उरलं नाही, वासही नाही. पाहिजे तर घासून जीभ लावा, मी लावून दाखवते.

मी लावली. शेंदराची आणि मातीची चव आली. गड्यांनी तोंडं वाकडी केली.

मुकादम उकिडवा बसून ऐकत होता. त्याला एकच शब्द महत्त्वाचा वाटला होता. “पानी म्हनता. म्हनजे खाली पानी होतं?”

मला हो म्हणायचं होतं. भाऊ माझ्याकडे पाहत होता. मागे भावजय येऊन उभी राहिली होती, हातात लोटा तसाच. हो म्हटलं असतं तर गाडीतल्या सब्बली त्याच क्षणी खाली उतरल्या असत्या. पण तीन दिवसांपूर्वी मी एकदा सोयीचं बोलून पाहिलं होतं.

“होतं,” मी म्हटलं. “तेव्हा. आता तिथे पाणी आहे की नाही ते या दातावरून सांगता येत नाही. मी सांगणार नाही.”

मुकादमानं हातातली सुतळी फेकून दिली.

“हाये म्हनलं असतं त आता बैलं जोडून निंगून गेलो असतो,” तो म्हणाला. “तीस वर्सं झाली, पानी हाये म्हननारे लय पाहिले. खडक मले वाईट नाई वाटत. हिरवट हाय, भुसभुशीत हाय. चार-पाच हात अजून पाहाले पाहिजे.” तो उठला. “पन पहिली सब्बल माहा गडी मारनार नाई. ज्यानं शेंदूर लावला त्यानं तो काढावा. अन् काढला त्यानं पहिलं उतरावं. काही झालं त त्याले होईन.”

“मी उतरते,” मी म्हटलं.

भाऊ म्हणाला, “बाईमाणूस विहिरीत उतरत नसते.”

“का उतरत नसते ते मला ठाऊक आहे,” मी म्हटलं. “माझा तो प्रश्न दोन वर्षांमागे मिटला.”

गड्यांनी एकदम लिंबाच्या शेंड्याकडे पाहायला सुरुवात केली. भावजयीनं पदर तोंडाला लावला. तीन दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती.

त्या संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी रॉकेलात चिंधी बुडवून जबडा स्वच्छ केला. शेंदूर तेलात कालवलेला असतो, पाण्यानं निघत नाही. दातांच्या खाचांतून तो काढायला जुना ब्रश लागला. बाकीच्या सहा दगडांचं काय करायचं हे भावजयीनं मला न विचारता ठरवलं. ते कोणी श्रद्धेनं मांडले होते, ते फेकता येत नव्हते. तिनं ते हळदकुंकू वाहून, ओटीसकट जुन्या विहिरीवर नेले आणि तिथल्या आसरांशेजारी मांडले. “पाहुण्या आल्या म्हणा,” ती म्हणाली. “पाणी लागलं का येतीन परत.”

तो जबडा मी अकोल्याला नेला. आज पाच वर्षं तो शाळेच्या काचेच्या कपाटात आहे. नागपूरच्या एका प्राध्यापकांना मी त्याचं चित्र काढून, मापं घालून पाठवलं. त्यांनी उत्तर दिलं की मांस खाणाऱ्या मोठ्या डायनोसॉरचा आहे हे नक्की, नाव मात्र एवढ्या तुकड्यावरून सांगता येणार नाही. मला ते उत्तर आवडलं. दरवर्षी नववीच्या मुली रांगेनं येऊन त्या धारेवरून अंगठा फिरवतात आणि हात मागे घेतात. मी त्यांना धारणीच्या बाईच्या करंगळीची गोष्ट आधी सांगते आणि नदीच्या गाळाची नंतर. खाचांत अजून कुठे कुठे शेंदूर दिसतो. मुली विचारतात, हे लाल काय? मी सांगते, ती माझी चूक आहे.

शेंदूर काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी वाळलेल्या वड्या डब्यात भरल्या, कारण त्या वाळल्या होत्या. मग माझं पाचवारी सोडून भावजयीचं जुनं नऊवारी घट्ट कासोटा घालून नेसले आणि विहिरीवर गेले. निम्म्यापर्यंत कडेनं खोदलेल्या पायऱ्या होत्या. खाली बांबूची शिडी. मुकादमानं माझ्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या मुठीत घेतलं. वर काळी माती, मग मुरूम, मग हिरवट पांढरा खडक. डोक्यावरचं आकाश परातीएवढं झालं. तळाशी चुलीपुढून उठून बाहेर आल्यासारखा गारवा होता. भिंतीत एक हाड होतं, वरवंट्याएवढं गोल टोक बाहेर आलेलं. मी त्याला हात लावला. ते आता सब्बलीखाली जाणार होतं आणि मी ते थांबवणार नव्हते.

मग मी सब्बल उचलली आणि मारली. पहिल्यांदा नुसती उडाली. तिसऱ्या घावाला खपली निघाली. वरून कोरकू बाईनं टोपलं सोडलं आणि पाठोपाठ तीही शिडीनं उतरली, कोणी तिला सांगितलं नव्हतं. ती खपल्या भरू लागली. खपली निघाली होती त्या जागेवर मी तळहात टेकवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. उचलला तेव्हा हाताला खडकाची भुकटी चिकटली होती. कोरडी भुकटी झटकली की जाते. ही गेली नाही.

मी हात तिच्यापुढे धरला. तिनं आपलं बोट माझ्या तळहातावरून ओढलं, बोट नाकाशी नेलं आणि वर तोंड करून ओरडली, “ओल हाय!”

वर काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. दोराला एक हिसका बसला, मुकादमाची मूठ घट्ट झाली असावी. मी टोपलं भरल्याची खूण म्हणून दोन हिसके दिले आणि पुन्हा सब्बल उचलली.